एकशेवीसचा पाहुणा, दोनशेतीसचं घर

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमचे धाकटे भाऊजी बावीस वर्षं अमेरिकेत काढून कायमचे वसईला परत आले. मागाहून जहाजाने सामान आलं. जाऊबाईंच्या खोक्यांतून रजया आणि काचेची भांडी निघाली, आणि भाऊजींच्या खोक्यांतून निघाला त्यांचा गाण्यांचा सेट. एक जाडजूड ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड लावायचा प्लेअर, कॅसेटचा डेक आणि दोन स्पीकर. सगळं जुनं, पण बाळासारखं गुंडाळून आणलेलं. "बाबांसाठी आणलंय," म्हणाले.

आमच्या मामंजींच्या पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात साठ-सत्तर रेकॉर्ड आहेत, नाट्यगीतं, भावगीतं, थोडं शास्त्रीय. त्यांचा स्वतःचा प्लेअर कधीच मोडीत गेला. आता डोळ्यांनी वाचवत नाही, बाहेर जाववत नाही, तेव्हा त्या ट्रंकेची आठवण वरचेवर निघायची. म्हणजे सेट आला तो अगदी वेळेवर आला म्हणायचा.

आणि पहिल्याच संध्याकाळी घोटाळा झाला. आमचे हे उत्साहात. भाऊजी आंघोळीला गेलेले. ह्यांनी कॅसेटचा डेक उचलला आणि एक्स्टेन्शन बोर्डाला लावला. मैत्रिणींनो, हल्लीच्या बोर्डांची भोकं तुम्ही नीट पाहिली आहेत का? आपली गोल पिनही जाते आणि अमेरिकेची चपटी पिनही मुकाट्याने आत जाते. पिन बसली म्हणजे यंत्र चालणार, असं आपल्याला वाटतं. डेकचा दिवा लागला, नेहमीपेक्षा जरा जास्तच झगझगीत, आणि दहा सेकंदांत जळक्या लाखेचा वास घरभर झाला. एमसीबी पडला. अंधारात मामंजी विचारताहेत, "गाणं लागलं का रे?"

पुढचे आठ दिवस दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. "मला विचारायचं तरी!" हे एकाचं, "आधी सांगायचं तरी!" हे दुसऱ्याचं. निरोप सगळे सासूबाईंच्या मार्फत. शेवटी मीच म्हटलं, हे प्रकरण आता मी हातात घेते. मी शिकवते मराठी, विजेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण आमच्या शाळेत विज्ञानाच्या बाई आहेत, त्यांनी मधल्या सुट्टीत चार दिवस माझी शिकवणी घेतली. ती तुमच्यापर्यंत पोचवावी म्हणून आजचं हे पान. कारण परदेशातून आलेली वस्तू आता पुष्कळ घरांतून असते, आणि ती लावायची घाई बहुधा पुरुषमंडळींना असते.

आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. अमेरिकेतली १२०, जपानातली १००. एकशेवीससाठी बांधलेल्या यंत्राला आपण २३० दिले तर ते नुसतं दुप्पट नाही तापत. दाब दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हा हिशोब. २३० भागिले १२०, त्याचा वर्ग केला की साडेतीनाच्या वर जातो. आणि यंत्राच्या पोटात स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असेल, तर तो दुप्पट दाबाला इतका प्रवाह ओढतो की हा हिशोबही तोकडा पडतो. दहा सेकंदांत वास का सुटला, ते आता कळलं असेल.

तेव्हा ट्रान्सफॉर्मरच्या दुकानात जायच्या आधी आपल्या यंत्राच्या पाठीशी जायचं. प्रत्येक यंत्राच्या मागे किंवा बुडाला एक पट्टी चिकटवलेली असते. धूळ पुसा, चष्मा लावा आणि वाचा. १००-२४० असं लिहिलेलं असेल तर काही करावं लागत नाही, फक्त पिनेची सोय करायची. मोबाइलचे आणि लॅपटॉपचे चार्जर बहुतेक असेच असतात. दुसरा प्रकार आपल्या वसईकरांच्या ओळखीचा. १९७० आणि ८० च्या सुमाराला आपल्याकडची कितीतरी माणसं आखातात कामाला होती आणि येताना जपानी स्टीरिओ आणत. तिकडे सगळीकडे एकच दाब नव्हता. सौदीत तर घरांतून ११० ते १२७ ची आणि २२० ची अशी दोन्ही तऱ्हेची वीज असे. म्हणून त्या मालाच्या मागे बहुधा एक लहानशी फिरकी असते, तिच्यावर ११०, १२७, २२०, २४० असे आकडे. पिन काढून, स्क्रूड्रायव्हरने फिरकी २२० किंवा २४० वर आणली की झालं, ट्रान्सफॉर्मर लागतच नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी अशा सेटसाठी वर्षानुवर्षं बाहेर एक ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता, फिरकी मात्र कोणी पाहिलीच नव्हती!

पट्टीवर नुसतं १२० लिहिलंय आणि फिरकीही नाही, तरच बाहेरून ट्रान्सफॉर्मर घ्यायचा. त्याला स्टेप-डाउन म्हणतात. स्टॅबिलायझर वेगळा, बरं का. स्टॅबिलायझर दोनशेतीसचे दोनशेतीस राखायला बघतो, तो एकशेवीस करत नाही. दुकानात ही दोन नावं सर्रास एकमेकांत मिसळतात.

आता माझी फजिती सांगते. मी पट्टी न वाचताच लॅमिंग्टन रोड गाठला. वसई रोडहून गाडी, मुंबई सेंट्रलला उतरून धीमी धरून ग्रँट रोड, आणि पुढे चालत. त्या रस्त्याचं कागदावरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण विचारताना लॅमिंग्टन रोडच विचारावा लागतो. पहिल्या दुकानात मी म्हटलं, अमेरिकेच्या गाण्याच्या सेटला ट्रान्सफॉर्मर द्या. दुकानदाराने एवढंच विचारलं, "किती व्हीए, मॅडम?" मी गप्प. दुसऱ्या दुकानात एक तळहाताएवढी हलकी डबी पुढे आली, वर ठळक अक्षरात १६०० वॉट. किंमत निम्म्याहून कमी. "सगळं चालतं ह्याच्यावर." घेणारच होते, पण बाईंचे शब्द आठवले आणि रिकाम्या हाताने परत आले.

ती हलकी डबी का नको, ते आधी सांगते, कारण मोह तिचाच पडतो. प्रवासात केस वाळवायचं यंत्र किंवा इस्त्री चालवायला ती केलेली असते. आत लोखंड-तांबं फारसं नसतंच. ती विजेची लाट कापून तिचा दाब कमी केल्यासारखं दाखवते. तापणाऱ्या तारेला लाट कशीही चालते. गाण्याच्या यंत्राला ती तुटकी लाट चालत नाही. खरखर येते ती वेगळीच, शिवाय आतला ट्रान्सफॉर्मर तापून जळूही शकतो.

व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. ट्रान्सफॉर्मर किती भार वाहू शकतो त्याचं माप. घरी येऊन पट्टी वाचली. ॲम्प्लिफायरवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, २.४ अँपिअर. गुणाकार २८८. प्लेअरचे फक्त १२ वॉट. दोन्ही मिळून ३००. (स्पीकर वेगळे मोजायचे नाहीत, ते ॲम्प्लिफायरकडूनच घेतात.) इथे पुष्कळजण फसतात ते ॲम्प्लिफायरच्या तोंडावरच्या आकड्याने. तोंडावर लिहिलेलं असतं ५० अधिक ५० वॉट. तो स्पीकरला देण्याचा आकडा. भिंतीतून तो ह्याच्या दुपटीच्या आसपास ओढतो, बाकीचं उष्णता होऊन जातं. म्हणून तर त्याच्या पाठीवर हात ठेवला की ऊब लागते. आणि १९९० नंतर खोक्यांवर जे हजार-हजार वॉटचे 'पीएमपीओ' छापून येत, त्यांचा तर हिशोबात विचारच करू नये. तो जाहिरातीचा आकडा. आपला आकडा पाठीमागचा.

तीनशे लागतात म्हणून तीनशेचाच घेतला तर? चालेल, पण सतत पुरा भार घेऊन तापेल, आणि आपल्या वसईचा एप्रिल-मे तुम्हाला ठाऊक आहे. तबल्याची जोरकस थाप किंवा ऑर्केस्ट्राचा मोठा तुकडा आला की क्षणभर जास्त ओढ लागते, तेव्हा दाब खाली बसतो आणि आवाज भसाडा होतो. गरजेच्या दीडपट ते दुप्पट घ्यावा. आम्ही ५०० व्हीएचा घेतला. "मग दोन हजारांचाच घेऊन ठेवू, पुढेमागे उपयोगी पडेल," असं आमच्या ह्यांचं म्हणणं होतं. ते मी मोडून काढलं. जास्त किंमत, जास्त ओझं, रिकामा चालू असतानाही थोडी वीज खाणार, आणि बटण दाबताच क्षणभर एवढा प्रवाह ओढणार की घरचा एमसीबी पडायचा.

ह्यातच जाऊबाईंच्या टोस्टरचा आणि मिक्सरचाही विषय निघाला. ते ह्यावर चालवता येतील का? तर नाही. टोस्टर, इस्त्री, ओव्हन ही हजार-दीड हजार वॉटची भुकेली माणसं. त्यांच्यासाठी पंधरा-वीस किलोंचं धूड घ्यावं लागेल, आणि तेवढ्या पैशांत इथला नवा टोस्टर येऊन वर पैसे उरतील. मी जाऊबाईंना स्पष्ट सांगितलं, वाईट वाटलं तरी चालेल. ज्या वस्तूची जागा इथली वस्तू घेऊ शकते तिच्यासाठी ट्रान्सफॉर्मर घेऊ नये. भाऊजींच्या ॲम्प्लिफायरची गोष्ट निराळी.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाहीत ते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर दोन जातींचे असतात. एकात लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर तारेची दोन वेगवेगळी वेटोळी असतात. एकात घरची वीज शिरते, दुसऱ्यातून यंत्राची बाहेर पडते, आणि दोघांमध्ये तार जोडलेली नसते. एकातून दुसऱ्यात जे जातं ते केवळ चुंबकाच्या जोराने. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये लोखंडाच्या कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून हे प्रथम दाखवलं, आणि आजही कारभार तोच आहे. दुसरी जात ऑटो ट्रान्सफॉर्मरची. त्यात वेटोळं एकच, मधूनच एक फाटा काढलेला. स्वस्त पडतो, कारण अर्धा दाब करायला लोखंड-तांबं जवळजवळ निम्मंच लागतं. पण त्या एकुलत्या वेटोळ्याचा खालचा भाग कधी तुटला, तर सगळेच्या सगळे २३० व्होल्ट यंत्राच्या तोंडावर येतात. ॲम्प्लिफायर जातो, आणि त्याचं तोंड धातूचं. घरात लहान मूल असेल, ओल्या हाताने बटण फिरवणारं कोणी असेल, तर थोडे पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

ओळखायचं कसं? एक तर वजनावरून. आमचा ५०० व्हीएचा, दोन वेटोळ्यांचा, सात किलोंच्या पुढे भरला. त्याच मापाचा म्हणून कोणी तीन-साडेतीन किलोंचा चौकोनी डबा पुढे केला तर संशय घ्यावा. दुसरी खूण पक्की. दुकानदाराकडे मल्टिमीटर असतोच. ट्रान्सफॉर्मर विजेला न लावता, एक काडी आत येणाऱ्या पिनेला आणि दुसरी बाहेरच्या सॉकेटला लावून पाहायला सांगा. अर्थिंगची पिन सोडून बाकी सगळ्या जोड्या तपासायच्या. मीटरने जोड दाखवली तर तो ऑटो. काहीच दाखवलं नाही तर वेटोळी वेगळी. मी हे करायला सांगितलं तेव्हा दुकानदाराने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पण तपासून दाखवलं आणि पुढचं बोलणं एकदम अदबीचं झालं.

तार तांब्याची की ॲल्युमिनियमची, हेही विचारा आणि बिलावर 'तांबे' असं लिहून घ्या. ॲल्युमिनियमची तार तेवढ्याच जाडीत कमी वीज वाहते आणि जोड सैल पडून तापतात. आत येणारी पिन तीन पायांची हवी, म्हणजे लोखंडी खोक्याला अर्थिंग मिळतं. बाहेरचा फ्यूज बदलता येण्यासारखा हवा. सुरुवातीचा झटका सोसणारा, सावकाश वितळणारा फ्यूज मिळतो, तोच घाला. गोल आकाराचाही एक ट्रान्सफॉर्मर मिळतो, टोरॉइडल म्हणतात. डोक्यावर हंडा घेताना चुंबळ ठेवतो ना, थेट तसा. तो हलका असतो, आणि त्याचं चुंबकत्व बाहेर फारसं सांडत नाही म्हणून गाण्याच्या यंत्राजवळ चांगला. म्हणजे वजनाची वरची खूण ह्याला तंतोतंत लावू नका, मीटरचीच लावा. महाग असतो आणि चालू करतानाचा झटका ह्याचा जरा जास्त. आम्ही चौकोनीच घेतला आणि तो लांब ठेवला.

बाहेरचा दाब ११० हवा की १२०? मी पट्टीप्रमाणे १२० मागणार होते, पण विज्ञानाच्या बाईंनी अडवलं. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० फेरे घेते, आपली ५०. हे हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ज्या यंत्रावर ५०/६० लिहिलेलं असतं त्याला दोन्ही चालतात. पण आमच्या ॲम्प्लिफायरवर नुसतं ६० होतं. अशा यंत्राच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर ५० फेऱ्यांवर जास्त तापतो, कारण प्रत्येक फेरा लांबतो आणि लोखंडावर चुंबकाचा ताण सव्वापटीच्या जवळ जातो. दाब थोडा कमी दिला की ताण उतरतो. म्हणून २२० ला ११० देणारा, म्हणजे सरळ निम्मा करणारा घ्यावा. त्याला आपले २३० मिळाले की तो ११५ देतो. आणि रात्री उशिरा, सगळं गाव झोपल्यावर आमच्याकडे मीटर २४५ दाखवतो, तेव्हाही १२२ च्या पुढे जात नाही. जपानच्या देशी मालाला मात्र १०० चाच हवा. जपानची गंमत अशी की त्या एवढ्याशा देशात पूर्वेला, टोकियोकडे, ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला, ओसाकाकडे, ६० हर्ट्झ वीज आहे. एकाने सुरुवातीची यंत्रं जर्मनीहून आणली, दुसऱ्याने अमेरिकेहून. म्हणून त्यांच्या मालावर बहुतेक ५०/६० दोन्ही असतात.

तर तो सात किलोंचा डबा ओढणीत गुंडाळून मी विरार गाडीने आणला. गर्दीच्या वेळेआधी परतायचं, हे मात्र बाईंनी न सांगताच मला ठाऊक होतं. घरी भाऊजींनी रिकामाच लावून मीटरने पाहिला, ११७. भार नसताना जरा जास्तच दाखवतो. मग ॲम्प्लिफायर. धूर नाही, वास नाही. मामंजी खुर्ची ओढून बसले. माणिक वर्मांची तबकडी त्यांनी स्वतः काढून दिली, सुई टेकली, आणि आवाज आला तो असा जड, झोपेतून उठवल्यासारखा! मामंजी दचकले. "हिला काय झालं? आजारी आहे का?"

माझी शिकवणी इथे कामी आली. हर्ट्झ! काही जुन्या प्लेअरची मोटर विजेच्या फेऱ्यांबरोबर पाय टाकते. साठाच्या जागी पन्नास फेरे मिळाले की मिनिटाला सव्वातेहतीस-साडेतेहतीसच्या मधले जे ३३⅓ फेरे तबकडीने घ्यायचे, ते २८ च्याही खाली येतात. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालते, आणि पांढरी पाचात गाणारी बाई पांढरी तीनला उतरते. अमेरिकेचं भिंतीवरचं जुनं विजेचं घड्याळही असंच, तासाला दहा मिनिटं मागे पडतं. कितीही चांगला ट्रान्सफॉर्मर आणा, ह्यावर त्याचा इलाज नाही. हे आधी माहीत असतं तर मामंजींचा तो हिरमोड टळला असता. म्हणून सांगते, प्लेअर असेल तर मोटर कुठल्या जातीची ते आधी विचारा. डीसी मोटरचे किंवा क्वार्ट्झवर वेग राखणारे प्लेअर ह्या भानगडीत पडत नाहीत.

उपाय आहे. मोटरच्या दांडीवर एक पितळी पुली असते, तिच्यावरून रबरी पट्टा तबकडीला फिरवतो. पुलीचा घेर सहास पाच ह्या प्रमाणात वाढवला की वेग जागेवर येतो. म्हणजे दहा मिलिमीटरची असेल तर बारा. वसई पूर्वेला सातिवली-वालीवच्या बाजूला लेथवर काम करणाऱ्यांचे गाळे आहेत, तिथे दोघे भाऊ एका स्कूटरवरून गेले. तीन फेऱ्या झाल्या, कारण पहिली पुली केसभर वाकडी होती आणि आवाज हेलकावे खात होता. पण त्या तीन फेऱ्यांत काय व्हायचं ते बोलणं होऊन गेलं असावं. तिसऱ्या दिवशी परत आले ते वडापाव खाऊन आले आणि सासूबाईंना निरोपे म्हणून रजा मिळाली.

राहिला तो जळलेला डेक. तो भंगारात टाकायचं चाललं होतं. रिवाइंडिंग करणाऱ्याकडे नेला तर तो म्हणाला, आतला ट्रान्सफॉर्मर काढून भरून देतो, आणि भरायचाच आहे तर २३० चाच भरतो, बाहेरचा डबा कशाला हवा? किती साधी गोष्ट! आत येणाऱ्या बाजूचे वेढे जवळजवळ दुप्पट, तार बारीक. बाहेर जाणाऱ्या बाजूला हात लावायचा नाही, एवढं मात्र बजावून सांगा. तिकडे दोन-चार व्होल्ट जास्त गेले तर पुढचे कपॅसिटर फुगतात, कारण डीसी होताना १२ व्होल्टचे १७ होतात. आमचाही एक फुगला होता, तो बदलला. कॅसेटची मोटर डीसीची, तेव्हा वेगाचा प्रश्न नव्हता. डेक आता सरळ आपल्या पिनेवर चालतो. ॲम्प्लिफायरचंही असंच करता आलं असतं, पण चालत्या यंत्राचं पोट उघडायला भाऊजींचं मन होईना, आणि मलाही ते पटलं.

ठेवायचा कुठे? आमच्या सासूबाईंनी त्यावर लगेच क्रोशाचा रुमाल घातला. तो मी काढला. ट्रान्सफॉर्मरला मोकळी हवा लागते, बंद शोकेसही नको. प्लेअरपासून हातभर तरी लांब ठेवा, नाहीतर सुईत गुंगाट शिरतो. जमिनीवर नको, पाटावर किंवा मांडणीवर ठेवा. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपाऱ्यात किती घरांतून पाणी शिरलं ते आपण विसरलो नाही. पहिल्या दिवशी तासभर चालवून, बटण बंद करून, पिन काढून खोक्याला हात लावून पाहा. कोमट लागलं तर ठीक. हात टेकवेना इतका चटका बसला किंवा लाखेचा वास आला तर दुसऱ्या दिवशी दुकान गाठा. गाणं संपलं की भिंतीवरचं बटण बंद करायचं, नुसतं ॲम्प्लिफायरचं नाही.

आणि एक गोष्ट हा डबा करत नाही. तो आलेल्या दाबाचं अर्धं करतो, बस्स. पावसात माडाची झावळी तारेवर पडून न्यूट्रल तुटली की घरात २३० च्या जागी तीनशे आणि त्याच्याही पुढे दाब येऊ शकतो. तीनशेचे अर्धे दीडशे. तिथे ॲम्प्लिफायर वाचत नाही. दिवे एकदम भगभगीत झाले किंवा एका खोलीत मंद आणि दुसऱ्या खोलीत प्रखर दिसले, तर मेन स्विच पाडायचा, मग फोन करायचा. तुमच्याकडे हे वरचेवर होत असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या आधी, जास्त दाबाला आपोआप बंद होणारा स्टॅबिलायझर लावून घ्या.

अमेरिकेची चपटी पिन कापून तिथे आपली गोल पिन बसवू नका, कोणी इलेक्ट्रिशियन "सोयीचं पडेल" म्हणाला तरी. ती चपटी पिन हीच ओळख आहे. आणि ट्रान्सफॉर्मरचं सॉकेटही चपट्या पिनेचंच घ्या. आमचा जुना एक्स्टेन्शन बोर्ड, सगळ्या पिना गिळणारा, मी मागच्या खोलीत टेबलफॅनला देऊन टाकला. ॲम्प्लिफायरच्या मागे आणि डब्याच्या डोक्यावर वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, शाळेतल्या फळ्यावर लिहिते तशा मोठ्या अक्षरात, कारण मामंजींना वाचता यायला हव्यात: '११० व्होल्ट. फक्त भाऊजींचा सेट. मिक्सर, इस्त्री, मोबाइल काहीही लावू नये.' खाली ह्यांनी पेन्सिलने लिहिलंय, 'डेकसुद्धा नाही.'